डच वाचनाची ए२ परीक्षा: सराव कसा करावा?

पाऊलवाट

नमस्कार. सहा आठवड्यांनी माझी डच वाचनाची परीक्षा आहे, इनबर्गरिंगमधली (म्हणजे नेदरलँड्समध्ये स्थायिक होणाऱ्यांसाठीच्या परीक्षांमधली), ए२ पातळीची. भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१ अशा चढत जातात. हा दुसरा प्रयत्न. पहिल्या वेळी नापास झाले आणि ते मनाला फार लागलं, कारण मला वाटत होतं की बोलणं कठीण आणि वाचन तर आपोआप जमेल. आम्ही सहा वर्षं आम्स्टेलवेनला आहोत. नवरा नोकरीच्या व्हिसावर आला, त्यामुळे आम्हाला कोणी परीक्षेची सक्ती केली नव्हती. आता नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे, आणि त्यासाठी सध्या ए२ लागतं.

परीक्षेचं स्वरूप ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: संगणकावर बसायचं, ६५ मिनिटं, पंचवीसच्या आसपास प्रश्न. समोर एक छोटा उतारा येतो. नगरपालिकेचं पत्र, शाळेची सूचना, दुकानाची जाहिरात, औषधाचा कागद असं काहीतरी. त्याखाली प्रश्न आणि पर्याय. निबंध नाही, साहित्य नाही, सगळं घराच्या दारातून आत पडणाऱ्या कागदांसारखंच.

मग मी नापास का झाले? खूप विचार केल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मी डच वाचतच नव्हते. डच शब्दांतून इंग्रजी शोधत होते. दोन्ही भाषा बहिणी असल्यामुळे अर्धे शब्द ओळखीचे वाटतात आणि उरलेलं आपण अंदाजाने भरून काढतो. मुलगी पहिल्या वर्षी शाळेत जायला लागली तेव्हा शाळेच्या पत्रात 'स्टुडीडाख' असा शब्द होता. स्टडी म्हणजे अभ्यास, डाख म्हणजे दिवस. मला वाटलं त्या दिवशी विशेष अभ्यास असणार. जास्तीचा डबा भरून, दप्तर नीट लावून तिला पावसात सायकलवर घेऊन गेले, तर शाळेला कुलूप. अभ्यासाचा दिवस असतो तो शिक्षकांचा. मुलांना त्या दिवशी सुट्टी असते. पुढच्याच ओळीत लिहिलं होतं, 'डे किंडरन झैन फ्रै', म्हणजे मुलांना सुट्टी. तिथपर्यंत मी वाचलंच नव्हतं, कारण मला आधीच सगळं कळलं होतं.

परीक्षेतही तेच झालं असणार. तर प्रश्न असा, की सहा आठवड्यांत वाचनाचा सराव नेमका कसा करावा? ड्युओच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावरच्या सराव परीक्षा करून झाल्या आहेत. त्या मोजक्याच आहेत आणि आता उत्तरं पाठ झाली आहेत.

उंबरा

ताई, तुमच्या 'स्टुडीडाख'सारखा आमचा 'नुख्टर' आहे. रक्त तपासणीच्या पत्रात लिहिलं होतं की नुख्टर या. शब्दकोशात पहिला अर्थ सापडला 'न प्यायलेला'. आमच्या घरात कोणी दारू पीत नाही, म्हणून हे निश्चिंतपणे पोहे खाऊन गेले आणि परत पाठवले गेले. नुख्टर म्हणजे अनशापोटी. औषधाच्या कागदावरही 'रिकाम्या पोटी घ्या' हे सांगायला हाच शब्द येतो, तेव्हा परीक्षेसाठी लिहून ठेवा.

मी गेल्या वर्षी पास झाले. माझ्या मते सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे फोनचा कॅमेरा. पत्र आलं की कॅमेरा धरायचा, इंग्रजी वाचायचं, पत्र टाकून द्यायचं. पाच वर्षांत शेकडो पत्रं आली आणि मी एकही वाचलं नाही. मग एक नियम केला. पत्र आलं की आधी पेन्सिल घ्यायची आणि पाकिटावर तीनच गोष्टी मराठीत लिहायच्या: कोणी लिहिलंय, मी काय करायचं आहे, कधीपर्यंत. त्यानंतरच कॅमेरा, तोही फक्त ताळा करायला. पहिल्या महिन्यात 'कधीपर्यंत' जवळजवळ दर वेळी चुकायचं. परीक्षेत विचारतात ते बहुतेक याच तिघांपैकी एक असतं.

दर्यावर्दी

उंबरा यांना पूर्ण अनुमोदन. 'कधीपर्यंत'वर अजून थोडं लिहितो, कारण मला वाटतं निम्मे गुण तिथेच जातात.

'टॉट एन मेट' म्हणजे शेवटचा दिवस धरून. पत्रात हे 'टी तिरकी रेघ एम' असं आखडून लिहितात आणि नवख्या माणसाच्या नजरेतून निसटतं. 'आउटरलक १ मे' म्हणजे उशिरात उशिरा १ मे, तो दिवस चालतो. 'फोर १ मे' म्हणजे १ मेच्या आधी, तो दिवस चालत नाही. 'फानआफ' म्हणजे तेव्हापासून पुढे. 'बिनन ट्वे वेकन' म्हणजे दोन आठवड्यांच्या आत. आणि 'ओव्हर ट्वे वेकन' म्हणजे दोन आठवड्यांनी! इंग्रजीच्या नादाने इथे 'दोन आठवड्यांहून जास्त' असं वाचणारे मी स्वतः पाहिले आहेत.

इंग्रजीने फसवणारे आणखी काही, जे पत्रांत सतत येतात: 'ऑफ' म्हणजे किंवा. 'वांट' म्हणजे कारण. 'ब्रीफ' म्हणजे पत्र. 'वेट' म्हणजे कायदा. 'ब्रांट' म्हणजे आग. 'स्लिम' म्हणजे हुशार. 'बेल ऑफ मेल ऑन्स' याचा अर्थ 'फोन करा किंवा मेल करा' एवढाच.

अवांतर: मी मूळचा वेंगुर्ल्याचा. आमच्या गावात सतराव्या शतकातली डच वखार आहे, पडकी, झाडांनी वेढलेली. लहानपणी तिच्या आवारात खेळलो. पुढे आइंडहोवनला नोकरी लागली तेव्हा आजी म्हणाली, ते आपल्याकडे आले होते, आता तू तिकडे चाललास.

चाफेकळी

वाचनखूण साठवली आहे. माझा प्रश्न थोडा वेगळा. मी नाशिकला आहे. होणारा नवरा मराठीच, पण त्याच्याकडे डच नागरिकत्व आहे. त्यामुळे मला तिकडे जाण्याआधीच परीक्षा द्यावी लागणार, ए१ पातळीची. माझ्या दारात डच पत्रं येत नाहीत. मी काय वाचू?

दर्यावर्दी

चाफेकळी, तुमची परीक्षा म्हणजे बाझिसएक्झामन. वकिलातीत संगणकावर होते. तीन भाग: बोलणं, वाचन आणि डच समाजाची माहिती. घरी अभ्यास करायला 'नार नेडरलांट' नावाचा अधिकृत संच आहे, तो आधी मिळवा. पास झाल्यावर निकाल व्हिसाच्या अर्जासाठी एक वर्षच धरतात, तेव्हा लग्नाची आणि अर्जाची तारीख बघून परीक्षा द्या. फार आधी देऊ नका.

ए१ चे उतारे अगदी लहान असतात. तुमच्या होणाऱ्या नवऱ्याला कामाला लावा. त्याने रोज रस्त्यावरच्या एका पाटीचा फोटो पाठवायचा, अर्थ सांगायचा नाही. दारावरचं 'ड्यूवन' आणि 'ट्रेकन', दुकानावरचं 'खस्लोटन', घरावरचं 'टे ह्यूर'. संध्याकाळी तुम्ही अर्थ मराठीत कळवायचा. सुपरमार्केटची आठवड्याची जाहिरात तर भारतातूनही इंटरनेटवर उघडते. '१ प्लस १ ग्राटिस' म्हणजे एकावर एक फुकट. '२ए हाल्व प्रैस' म्हणजे दुसरी वस्तू निम्म्या किमतीत. अशी तीस पानं वाचली की किमती, वजनं, दिवस, भाज्यांची नावं पक्की होतात.

उंबरा

जाहिराती वाचताना 'कार्नमेल्क' लक्षात ठेवा. मेल्क म्हणजे दूध, पण कार्नमेल्क म्हणजे ताक. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण चहासाठी तेच आणतो. कढी मात्र त्याची उत्तम होते.

शब्दवेल्हाळ

मी मराठीची शिक्षिका होते, आता निवृत्त. मुलगा उट्रेख्टला असल्यामुळे वर्षातले काही महिने तिकडे असते आणि वाचनालयातल्या भाषेच्या गप्पांच्या गटात जाते. पाऊलवाट यांनी लिहिलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: आपण इंग्रजीतून डच वाचतो. मी तर म्हणेन मराठीतून वाचा. अनेक ठिकाणी मराठी जवळची पडते.

पहिलं, लांबलचक शब्द. ते पाहून घाबरायला होतं, पण तो सगळा आपला समास आहे. झीकनहाउस: झीक म्हणजे आजारी, हाउस म्हणजे घर. आपण काय म्हणतो? रुग्ण अधिक आलय. झीकनआउटो म्हणजे रुग्णवाहिका. टांटआर्ट्स म्हणजे दंतवैद्य. वोर्डनबुक म्हणजे शब्दकोश. तत्पुरुषासारखंच इथेही शेवटचं पद प्रधान असतं, म्हणून लांब शब्द शेवटाकडून सोडवायचा. किंडरऑपफांगटुस्लाख असा शब्द पत्रात आला की शेवट बघा: टुस्लाख, म्हणजे सरकारकडून मिळणारा भत्ता. कसला? ऑपफांग, म्हणजे सांभाळण्याचा. कोणाला? किंडर, मुलांना. पाळणाघराच्या खर्चासाठीचा भत्ता. विग्रह करायची सवय आपल्याला शाळेपासून आहे, तीच वापरायची.

दुसरं, आकडे. डचमध्ये २५ ला 'फैफएनट्विंतख' म्हणतात, पाच आणि वीस. इंग्रजीवाल्यांना हे उलटं वाटतं. आपण पंचवीस म्हणतो. आपल्याकडेही एकक आधी आणि दशक नंतर.

तिसरी गोष्ट मला स्वतःला कळली तेव्हा मी किती तरी वेळ तशीच बसून राहिले होते. घड्याळ. डचमध्ये 'हाल्फ द्री' म्हणजे शब्दशः अर्धा तीन, आणि अर्थ अडीच. सगळे इथे साडेतीन वाचून चुकतात. पण आपला 'अडीच' कुठून आला? संस्कृत अर्धतृतीय. तिसरा अर्धा! अगदी हाल्फ द्री. संतांच्या अभंगांत 'औट हात' येतो ना, साडेतीन हात; तो औट म्हणजे अर्धचतुर्थ, चौथा अर्धा, म्हणजे 'हाल्फ फीर'. आणि दीड हा द्वि आणि अर्ध यांतून आलेला. डच दीडला म्हणतात 'आंडरहाल्फ', दुसरा अर्धा. इंग्रजीत दीड आणि अडीचला स्वतंत्र शब्दच नाही. तेव्हा हाल्फ द्री दिसलं की साडेतीनच्या वाटेला जाऊ नका, सरळ 'अडीच' म्हणा.

पाऊलवाट

शब्दवेल्हाळ काकू, अंगावर काटा आला वाचताना. हाल्फ द्री मी सहा वर्षं मनात एक वजा करून सोडवत होते. आता थेट अडीच.

क्रियापदाचंही असंच आहे का? आमच्या वर्गात बाई सांगतात की 'ऑमडाट'नंतर क्रियापद शेवटी जातं. वर्गातल्या सगळ्यांना ते अवघड जातं, मला मात्र सोपं वाटतं.

शब्दवेल्हाळ

वाटणारच. 'ऑमडाट डे युफ झीक इज': बाई आजारी आहेत म्हणून. क्रियापद शेवटी येईपर्यंत वाट बघायची ही आपली रोजचीच सवय आहे. मराठीत वाक्य संपेपर्यंत 'येणार' की 'येणार नाही' ते कळत नाही, म्हणून आपण शेवटपर्यंत ऐकतो. डच वाचतानाही तसंच शेवटपर्यंत जायचं.

आणि डचमध्ये हे साध्या वाक्यातही लागतं, कारण काही क्रियापदं फुटतात. एक तुकडा पुढे, एक थेट पूर्णविरामाजवळ. मी एक सूचना लिहून देते, परीक्षेत येते तशी:

'बेस्टे आउडर्स, फ्रैडाख खाट डे झ्वेमलेस नीट दोर. डे युफ इज झीक. डे किंडरन झ्वेमन नू ऑप वुन्सडाख ऑम हाल्फ द्री. कान यू किंट नीट? बेल्ट यू डान आउटरलक डिन्सडाख.'

खाट म्हणजे जातो, दोर म्हणजे मधून. दोन्ही वेगळे वाचले तर 'पोहण्याचा तास मधून जात नाही' असं काहीतरी निरर्थक हाती येतं. एकत्र घेतलं तर 'दोरखान', म्हणजे ठरल्याप्रमाणे होणं. 'खाट नीट दोर' म्हणजे होणार नाही, रद्द. शाळा, क्लास, बैठक, सगळ्यांच्या पत्रांत ही तीन शब्दांची जोडणी येते. ती ओळखली नाही तर उताऱ्याचा अर्थच उलटा होतो.

दुसरी खुबी चौथ्या वाक्यात आहे. 'कान यू किंट नीट?' याला प्रश्नचिन्ह आहे, पण शाळा काही विचारत नाही. 'तुमच्या मुलाला जमणार नसेल, तर' असा त्याचा अर्थ. पुढे 'डान' आला की समजा, जर-तर आहे. पत्राच्या शेवटी 'हेफ्ट यू फ्राखन?' येतं तेही तसंच: काही शंका असतील तर.

आता प्रश्न: मुलाला बुधवारी जमणार नसेल तर आईवडिलांनी काय करायचं? उत्तर: मंगळवारपर्यंत फोन. पर्यायांत 'शुक्रवारी यायचं' असा एक असतोच, कारण शुक्रवार हा शब्द उताऱ्यात आहे. उताऱ्यातला शब्द पर्यायात जसाच्या तसा दिसला की लगेच टिचकी मारू नका. बरोबर पर्याय बऱ्याचदा तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो.

गणितमास्तर

थोडं वेगळं मत मांडतो. एवढं व्याकरण ए२ ला लागत नाही. मी व्याकरणाचं पुस्तक न उघडता पास झालो. आधी प्रश्न वाचायचा, मग उताऱ्यात त्या जागी जायचं, उत्तर घ्यायचं, पुढे सरकायचं. ६५ मिनिटं भरपूर होतात. प्रत्येक शब्द समजलाच पाहिजे हा हट्ट सोडला की झालं.

उंबरा

आधी प्रश्न वाचायचा हे शंभर टक्के खरं. पण दादा, 'त्या जागी जायचं' हे तारीख किंवा किंमत विचारली तर जमतं. 'हे पत्र कशासाठी लिहिलं आहे?' असं विचारलं तर जागा कुठली शोधणार? तिथे पूर्ण पत्र वाचावंच लागतं, आणि 'नीट', 'खेन', 'बहाल्व' हे तीन शब्द हरवले तर पत्राचा हेतूच हरवतो. डच 'नीट' म्हणजे नाही. खेन म्हणजे एकही नाही, आणि 'एन' म्हणजे 'एक', त्यापेक्षा खेनमध्ये एकच अक्षर जास्त. बहाल्व म्हणजे वगळून. 'रोज उघडं, बहाल्व सोमवार.' मी सरावाच्या कागदांवर या तिन्हींभोवती लाल गोल करायचे. नंतर नजर आपोआप तिथे थांबायला लागली.

गणितमास्तर

हे मान्य. हेतूच्या प्रश्नांत माझे गुण गेलेच असणार. लाल गोलांची कल्पना बायकोला सांगतो, तिची परीक्षा पुढे आहे.

दर्यावर्दी

ज्यांना ड्युओचं पत्र येऊन रीतसर सक्ती झाली आहे त्यांनी आपली पातळी नीट पाहावी. १ जानेवारी २०२२ पासून नवा कायदा आहे आणि त्यात साधारणपणे बी१ धरतात. ए२ चा सराव करत बसाल आणि लागणार असेल बी१.

आता सगळ्यांसाठी एक गृहपाठ. आमच्याकडे आलेल्या कचऱ्याच्या सूचनेवरून लिहिला आहे, २०२६ सालची आहे:

'ऑप मांडाख २७ आप्रिल हालन वै खेन आफफाल ऑप. वै कोमन ऑप झाटरडाख २५ आप्रिल. झेट यू कॉन्टेनर फोर हाल्फ आख्ट बाउटन.'

डबा कोणत्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत बाहेर ठेवायचा? कॅमेरा लावायचा नाही.

चाफेकळी

मी प्रयत्न करते. २७ एप्रिल हा राजाचा दिवस, कोनिंग्सडाख, समाजाच्या माहितीत वाचलाय, म्हणजे सुट्टी. 'हालन' आणि शेवटचं 'ऑप' जोडलं तर 'ऑपहालन', घेऊन जाणं. मधे 'खेन' आहे, म्हणजे सोमवारी कचरा नेणार नाहीत. शनिवारी २५ ला येतील. डबा साडेआठपर्यंत बाहेर. बरोबर?

शब्दवेल्हाळ

बाकी सगळं अचूक. वेळ पुन्हा बघ. अडीचचं सूत्र लाव.

चाफेकळी

हाल्फ आख्ट, आठवा अर्धा. साडेसात! आणि 'फोर' आहे, म्हणजे साडेसातच्या आधी. साडेआठला ठेवला असता तर गाडी निघून गेली असती. काकू, आता नाही चुकणार.

पाऊलवाट

सहा आठवडे झाले, काल परीक्षा देऊन आले. निकाल यायचा आहे. काय आलं होतं ते लिहिणार नाही, पण काय केलं ते सांगते.

उंबरा यांच्यासारखं पाकिटांवर पेन्सिलने लिहीत गेले. शेवटच्या दोन आठवड्यांत तीनही गोष्टी बरोबर यायला लागल्या. मुलीला रोज रात्री शाळेची एक सूचना मोठ्याने वाचून दाखवली. ती उच्चार सुधारायची, आणि माझी नजर वाक्याच्या शेवटापर्यंत जायला लागली. परीक्षेत आधी प्रश्न, मग उतारा. वीस मिनिटं उरली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून फक्त वेळ आणि तारखा तपासल्या. एका ठिकाणी 'टॉट एन मेट' सुटला होता, ते उत्तर बदललं.

सरावाचे कागद दिवाळीच्या फराळाच्या मोठ्या डब्यात ठेवले आहेत: शाळेच्या सूचना, दुकानांची जाहिरातपत्रं, औषधांचे कागद, कचऱ्याची दोन वर्षांची वेळापत्रकं. नाव-पत्ता कापून टाकलाय, लाल गोल तेवढे आहेत. गणितमास्तर, वहिनींना हवे असतील तर निरोप पाठवा. आम्स्टेलवेनच्या आसपास आणखी कोणाची परीक्षा असेल तर त्यांच्यानंतर त्यांनी घ्यावेत.